फिश फाईंडरचा स्क्रीन कसा वाचायचा? आधी तळ, मग मासा

नवीन फिश फाईंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे दाखवणारं मशीन, बोटीला बसवला की पहिल्या फेरीत सगळे एकच काम करतात, स्क्रीनवर मासे मोजत बसतात, आणि मग जाळ्यात काही आलं नाही की मशीनला शिव्या. आता मासा नीट ओळखू येणं ही पुढची गोष्ट, पण तळ हे मशीन जवळपास कायम दाखवतं, आणि ज्याला तळ वाचता येतो त्यालाच वरचे ठिपके वाचता येतात. म्हणून त्याच क्रमाने जाऊ. खाली लिहिलंय ते बोटीखाली सरळ बघणाऱ्या साध्या मशीनबद्दल, साईड स्कॅन वगैरे प्रकार वेगळे आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

सुरुवात: माशांची चित्रं बंद करा

मेनूत फिश आयडी किंवा फिश सिम्बॉल नावाची सेटिंग असते, ती बंद करा. स्क्रीनवर छोटे-मोठे मासे पोहताना दिसतात ते बघायला मस्त वाटतं पण तो मशीनचा अंदाज आहे, बुडबुडे, दोरी, कचऱ्याचा पुंजका, काहीही असलं तरी ते बिनधास्त मासा काढून दाखवतं. चित्रं चालू ठेवलीत तर वाचायला कधीच शिकणार नाही.

स्क्रीनवर नेमकं काय चाललंय

बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाज खाली सोडतो आणि परत आलेला आवाज ऐकतो. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ३० मीटर पाण्यात तळाला जाऊन परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. आवाज किती वेळाने परत आला त्यावरून खोली आणि किती जोरात आला त्यावरून रंग, मशीनला यापलीकडे काही कळत नाही. दर वेळी ते उजव्या कडेला एक उभी रेघ काढतं आणि जुन्या रेघा डावीकडे ढकलतं, ईसीजीची पट्टी सरकते ना अगदी तसं.

हे डोक्यात नीट बसवा कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. आडवी बाजू म्हणजे अंतर नाही, वेळ आहे. आत्ता बोटीखाली जे आहे ते फक्त उजव्या कडेची ती एक रेघ, बाकी सगळा स्क्रीन म्हणजे होऊन गेलेलं. नांगर टाकून उभे असाल तरी स्क्रीन सरकतच राहतो आणि तळ एकदम सपाट दिसतो, ते मैदान नाही, एकच जागा पुन्हा पुन्हा दिसतेय. आणि हे मशीन पुढचं काही दाखवत नाही! पुढे खडक आहे का ते याच्यावर बघून बोट हाणायची नाही, खडक स्क्रीनवर येतो तेव्हा बोट त्याच्यावर आलेली असते.

वरच्या बाजूला एक जाड पट्टा कायम दिसेल, तो ट्रान्सड्यूसरचा स्वतःचा आवाज, त्याच्या खाली काही फुटांपर्यंत बुडबुडे आणि लाटांचा कचरा. तिथे काही शोधू नका.

खोलीचं युनिटही एकदा बघून घ्या, मीटर आहे, फूट आहे की फॅदम. फॅदम म्हणजे आपली वाव, ६ फूट, १.८३ मीटर. जुने तांडेल वावेतच बोलतात, तेव्हा ते १८ म्हणाले आणि तुमचा स्क्रीन ३३ दाखवत असेल तर दोघंही बरोबर आहात.

तळ वाचायचा कसा

पाणी तळाला लागतं तिथे जाड रेघ येते. खडक किंवा कडक वाळू असेल तर आवाज जोरात परत येतो, रेघ लाल-पिवळी भडक, आणि खाली लांब शेपटी. पुष्कळदा दुप्पट खोलीवर तोच तळ पुन्हा पुसट दिसतो, म्हणजे २० मीटरवर तळ आणि ४० मीटरवर त्याची नक्कल, कारण आवाज तळावरून वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाला किंवा बोटीला आपटतो आणि परत एक फेरी मारतो. ही नक्कल दिसायला स्क्रीनची रेंज, म्हणजे किती खोलीपर्यंतचं दाखवायचं ते, खोलीच्या दुपटीहून जास्त ठेवावी लागते, ऑटो रेंजवर ती सहसा कापली जाते. तळ कडक आहे का हे ओळखायची याच्याइतकी सोपी खूण नाही. चिखल असेल तर आवाज गिळला जातो, रेघ फिकी आणि शेपटी आखूड, नक्कल जवळपास नाहीच.

जाळं टाकणाऱ्याला हे माशाआधी कळायला हवं, कारण चिखलावर ओढायचं जाळं खडकावर ओढलं की काय होतं ते सांगायला नको. कोळंबीला जाणाऱ्यांना तर मशीनचा खरा उपयोग हाच, कोळंबी तळाला चिकटून असते, ती वेगळी दिसायची आशा नको, तळ मऊ आहे का आणि किती वाव आहे एवढं कळलं तरी पुरे.

तळ उतरता असेल तर आणखी एक गंमत. आवाज शंकूच्या आकारात पसरत जातो, त्यामुळे उताराची वरची बाजू आधी लागते आणि मशीन तीच खोली दाखवतं, खालच्या बाजूला तळालगत बसलेले मासे त्या रेघेत गडप. विजयदुर्गपासून १०० किलोमीटरहून जास्त पश्चिमेला आंग्रिया बँक आहे, खोल समुद्रातून वर येत येत माथ्यावर जेमतेम २० मीटरपर्यंत, अशा जागेच्या कडेला स्क्रीनवर तळ भिंतीसारखा चढतो आणि त्या कडेवरचं चित्र सगळ्यात कमी भरवशाचं असतं.

आणि हो, भरती-ओहोटी धरा. मुंबईकडे उधाणाला चार मीटरहून जास्त फरक पडतो, त्यामुळे कालच्याच जागेवर आज खोली वेगळी दिसली म्हणून जागा चुकली असं नाही.

गेन: सगळ्यात महत्त्वाचं बटण

गेन म्हणजे परत आलेला आवाज मशीन किती वाढवून दाखवणार ते. ऑटोवर ठेवलं तर काम चालतं, पण शिकायचं असेल तर मॅन्युअल करा. पद्धत सोपी आहे: बोट हळू चालवा, गेन वाढवत न्या, पूर्ण पाण्यात बारीक ठिपक्यांची रांगोळी पडायला लागली की थांबा, मग हळूहळू कमी करा, ठिपके जवळपास गेले पण अगदी थोडे उरले की तिथेच सोडा. एकदम स्वच्छ काळं किंवा निळं पाणी दिसतंय म्हणजे गेन कमी आहे, त्यात पुसट मासे पण पुसले गेले. उलट गेन जास्त असेल तर सगळंच लाल, चिखलाचा तळसुद्धा खडकासारखा दिसतो. खोली बदलली की पुन्हा बघायचं, १० वावेतलं सेटिंग ३० वावेत चालत नाही.

बाजूला दुसरी बोट असेल आणि तिचंही मशीन त्याच फ्रिक्वेन्सीवर चालू असेल तर स्क्रीनवर तुटक तिरक्या रेघा येतात. ते मासे नव्हेत, इंटरफिअरन्स आहे, त्याचं फिल्टर मेनूत असतं, लागेल तेवढंच लावा.

५० की २००?

बऱ्याच मशीनमध्ये ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सी असतात. २०० चा शंकू अरुंद, बारकावे जास्त, उथळ पाण्याला बरा. ५० चा शंकू रुंद, खोलवर पोचतो, पण चित्र जाडंभरडं. आकडे ट्रान्सड्यूसरवर अवलंबून असतात तरी अंदाजासाठी सांगतो, २० अंशांचा शंकू असेल तर ३० मीटरवर तुम्ही साधारण साडेदहा मीटर रुंदीचं वर्तुळ बघताय, ४५ अंशांचा असेल तर २५ मीटरचं. म्हणजे ५० वर जास्त मासे दिसले तर मासे वाढले असं नाही, तुम्ही जास्त पाणी बघताय. आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात मी तरी २०० पासून सुरुवात करा असंच सांगेन.

आता मासा

सगळीकडे सांगतात की मासा कमानीसारखा दिसतो. का, ते समजून घ्या. मासा शंकूच्या कडेला शिरतो तेव्हा बोटीपासून थोडा लांब, मधे येतो तेव्हा सगळ्यात जवळ, बाहेर जाताना पुन्हा लांब, म्हणून रेघ चढते आणि उतरते. पण हिशोब करून बघा, ३० मीटरवर २० अंशांच्या शंकूत कडा आणि मध्य यांतला फरक जेमतेम अर्धा मीटर, तो स्क्रीनवर दिसणार तरी किती? ४५ अंशांत तोच अडीच मीटर होतो. त्यामुळे उथळ पाण्यात २०० वर कमानी दिसत नाहीत, तुकडे दिसतात, आणि ते बरोबरच आहे. कमान लांब आहे म्हणून मासा लांब असंही नाही, बोट हळू असली किंवा मासा बरोबरच पोहत असला की रेघ लांबते. मोठा मासा ओळखायचा तर जाडी आणि रंग बघा, लांबी नको.

पण रंगातही मेख आहे. माशाकडून येणारा बहुतेक आवाज त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. घोळ माशाचा भोत लाखात विकला जातो ते ऐकलं असेल, तो भोत म्हणजे हीच पिशवी, त्यामुळे घोळ, शिंगाळा असले मासे स्क्रीनवर दणक्यात उमटतात. सुरमईला ती पिशवीच नसते. मुशी, पाकट, माकुल यांनाही नाही. म्हणजे चांगली हातभर सुरमई फिकी रेघ देईल आणि बोटभर तारलीचा थवा लालभडक दिसेल. समजा तळ १८ वावेवर आहे, ९ ते १२ वावेत एक लाल गोळा, मध्येच तुटलेला, आणि त्याच्या कडेला वर-खाली तिरक्या हिरव्या-निळ्या तीन-चार रेघा. नवखा माणूस गोळ्याकडे बघेल. गळवाल्याने त्या रेघांकडे बघायचं, तो गोळा कोणाचं तरी जेवण आहे.

तारलीसारखे थव्याचे मासे दिवसा घट्ट गोळा करून असतात, रात्री पसरतात, मग तोच थवा पातळ थरासारखा दिसतो आणि मासे गेले असं वाटतं. प्लँक्टनचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचा, धुरकट थर संध्याकाळी वर चढतो, पहाटे खाली जातो. एकाच खोलीवर मैलभर चालणारी बारीक सरळ रेघ असेल तर ती बहुतेक गरम आणि थंड पाण्याची सीमा. जेलीफिशचा पुंजका फिका, कडा नसलेला. वरून खाली लोंबणारा ढग म्हणजे नुकत्याच गेलेल्या बोटीच्या पंख्याचे बुडबुडे.

तळालगतचा मासा सगळ्यात अवघड. मशीनचा आवाज १ मिलिसेकंदाचा असेल तर ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावरच्या दोन गोष्टी एकच दिसतात, म्हणून तळाच्या वर अर्धा मीटरवर असलेला मासा तळातच मिसळतो. मेनूत पल्स लेंग्थ, म्हणजे एका वेळच्या आवाजाची लांबी, असेल तर छोटी करा, तळाजवळचा भाग मोठा करून दाखवणारं बॉटम झूम लावा, आणि तळाच्या रेघेवर आलेला प्रत्येक फुगवटा खडकच आहे असं धरू नका, रंग तळापेक्षा वेगळा आहे का बघा.

हे सगळं पक्कं कसं होतं

१९४८ साली जपानात फुरुनोने हे मशीन पहिल्यांदा विकायला काढलं तेव्हापासून शिकायची पद्धत तीच आहे, स्क्रीनवर जे दिसलं ते आणि जाळ्यात जे आलं ते शेजारी ठेवायचं. जाळं टाकताना स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा, फोटोत खोली आणि फ्रिक्वेन्सी दिसली पाहिजे, गेनचा आकडा वेगळा लिहून ठेवा, वर आलेल्या मालाचा दुसरा फोटो. इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था उपग्रहावरून मासे मिळण्याच्या संभाव्य जागा कळवतं, तिथे जाऊन केलं तर निदान रिकाम्या पाण्याचे फोटो कमी निघतील. मशीन बदललं किंवा ट्रान्सड्यूसर दुसरीकडे बसवला तर जुने फोटो बाजूला ठेवा, रंग जुळणार नाहीत. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या दिवसांत बोट शाकारलेली असते तेव्हा ट्रान्सड्यूसरवरची शिंपलं काढून टाका, लाकडी पाचरीने, पटाशी लावायची नाही.