पांडवलेणी बघायची कशी

नाशिकची पांडवलेणी बघायला जाताय ना, मग आधी पांडव डोक्यातून काढा, ही बौद्ध भिक्खूंची वस्ती होती आणि त्यांचा विचार दगडात वाचायचा तर सकाळी लवकर चढा. पहिलं ३ नंबरचं लेणं. मधे मोठ्ठा मोकळा हॉल, तीन बाजूंनी छोट्या खोल्या, म्हणजे ध्यान एकट्याने पण राहायचं संघात, प्लॅनच तसा! सातवाहन राणी गौतमी बलश्रीने हे दान दिलेलं, बाहेर भार उचलणारे यक्ष बघाच. मग १८ नंबर, इथला एकमेव चैत्य, म्हणजे प्रार्थनेचा हॉल, आत पूजेसाठी मूर्तीऐवजी स्तूप (घुमटासारखी दगडी रचना), कारण सुरुवातीला बुद्धांची मूर्ती करत नसत. मूर्त्या नंतरच्या, महायान या नंतरच्या बौद्ध पंथाच्या काळातल्या, २० नंबरला दिसतील. आणि प्लीज, भिंतींवर नावं कोरू नका, तिथे ब्राह्मी या प्राचीन लिपीतले लेख आहेत.