परदेशात मैत्री जमत नाही? या चुका टाळा

ऑक्टोबरात जर्मनीतली सत्रं सुरू होतात आणि नोव्हेंबरात कोल्हापूरच्या पोरांचे मला फोन येतात, "दादा, इथं कुणाशी जमंना." खोदून विचारलं की त्याच त्या चुका बाहेर पडतात.

पहिली चूक, न सांगता दारात जाणं आणि मग रुसून बसणं. मी हेच केलं. राजारामपुरीत मित्राच्या घराखालून हाक मारली की तो खाली येतो, नाहीतर त्याची आई वर बोलावून ताट वाढते. ती सवय मी जर्मनीत शिकायला गेलो तेव्हा आखेन शहरात नेली. एका रविवारी आईच्या हातचे बेसनलाडू घेऊन प्रयोगशाळेतल्या जोडीदाराच्या खोलीवर गेलो. त्यानं डबा घेतला, आभार मानले, पण आत ये म्हणाला नाही. जिव्हारी लागलं. पुढं दोन महिने कामापुरतंच बोललो. शेवटी त्यानंच विचारलं, "माझं काही चुकलं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची परीक्षा होती, आणि मी फक्त डबा द्यायला आलोय असं त्याला वाटलं होतं. त्याच्यासारखा माणूस समोर असताना ते दोन महिने मी घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिथं वार आणि वेळ सांगून बोलवा. "भेटू कधीतरी" याचा अर्थ तिथं काहीच होत नाही. मी गुरुवार, संध्याकाळी सहा, पिठलं-भात असं धरलं. पहिले दोन गुरुवार तो एकटाच आला. तिसऱ्याला चौघं होते. तांबडा रस्सा मात्र पहिल्याच दिवशी नको, पांढऱ्यापासून सुरुवात करा, आणि कोण काय खात नाही ते आधी विचारा.

दुसरी चूक फोनची. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागं असते. तिथं चारला तास सुटतो तेव्हा इथं साडेआठ, रंकाळ्यावर कट्टा भरलेला. पोरगं कानाला फोन लावून खोलीवर जातं आणि वर्ग कॉफीला जातो. मैत्री त्या अर्ध्या तासात होते! मी घरी सकाळी सातला फोन करायचो, कट्ट्याला फक्त रविवारी.

चौघं मराठी एकाच घरात राहू नका. शिकवणी इंग्रजीत असली तरी जिन्यातल्या गप्पा जर्मनमध्ये चालतात. मोबाइलवर दहा वाक्यं पाठ करून भागत नाही, ए१, म्हणजे जर्मन भाषेची पहिली पातळी, इथूनच करून जा.

आणि पंधरा दिवसांत जिगरी दोस्त मागू नका. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं इतर समाजांचीही वसतिगृहं उभी राहिली. तिथं खेड्यापाड्यांतून आलेली पोरं रोज एकत्र जेवून-राहून एकमेकांची झाली. परदेशातही तसंच रोजचं काहीतरी धरावं लागतं. पेठांचा फुटबॉल बघत वाढलाय ना? तिथल्या विद्यापीठांत खेळाचे वर्ग कमी पैशांत असतात. नाव घाला, आणि पहिल्या आठवड्यात कुणी बोललं नाही तरी दुसऱ्या आठवड्यात मैदानावर जा.