पहिलं एअर पिस्तूल घ्यायला निघण्याआधी

लेकीला नेमबाजीसाठी कोणत्या कंपनीचं पिस्तूल घ्यायचं, यावर आमच्या घरात तीन महिने एकच वाद चालला होता: स्टेयर, वॉल्थर की मोरिनी? मी तर वहीच्या पानावर रकाने आखून तुलनेचा तक्ता करून ठेवला होता. तो घेऊन रेंजवर गेलो, तर तिच्या कोच सरांनी कागद न बघताच बाजूला ठेवला आणि लेकीला म्हणाले, "हात दाखव." तळव्याची रुंदी, बोटांची लांबी, मनगटाचा कोन बघून झाल्यावर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आधी ग्रिपचं, म्हणजे मुठीचं, माप ठरवा, कंपनीचं नंतर बघू." तेव्हापासून कुणी पालक विचारायला आले की मी त्यांना तक्ता देत नाही, पुढे लिहिलेलं सगळं सांगत बसतो.

खरेदीला निघण्याआधी एक हिशेब डोक्यात पक्का असू द्या. दहा मीटरच्या एअर पिस्तुलात दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि पेलेट, म्हणजे त्यातली छोटी गोळी, साडेचार मिलिमीटरचा. नव्या पिस्तुलाच्या पेटीत कंपनीचं एक चाचणी-कार्ड येतं. पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलेल्या गोळ्यांची भोकं त्यावर एकमेकांत मिसळून जवळजवळ एकच झालेली दिसतात. ऑस्ट्रियाचं स्टेयर, जर्मनीचं वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्दिनी, यांतलं कोणतंही घ्या, शिकंज्यात ते दहाच मारणार. आठ लागतो तो आपल्या हाताने. म्हणून अचूकतेवरून कंपन्यांची तुलना करण्यात वेळ घालवू नका. तुलना करायची ती ग्रिप, वजन, ट्रिगर आणि बिघाड झाल्यावर कोण दुरुस्त करून देणार, या चारच गोष्टींची.

ग्रिपची परीक्षा सोपी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. क्लबमधल्या ओळखीच्यांकडून चार वेगवेगळी पिस्तुलं पाच-पाच मिनिटांसाठी मागून घ्या. मुलीला डोळे मिटून हात वर करायला सांगा, मग डोळे उघडू द्या. पुढची साइट (नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण) मागच्या खाचेच्या बरोबर मधोमध दिसली तर ग्रिप हाताची आहे. एका बाजूला सरकलेली दिसली तर मनगट वाकवून ती मधे आणावी लागेल, आणि साठाव्या शॉटपर्यंत मनगट तसं वाकून राहत नाही. ग्रिप एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत मिळते, डावखुऱ्यांची वेगळी असते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मापाच्या बाबतीत घाई नको. थोडी मोठी ग्रिप कानस आणि पॉलिश पेपरने उतरवता येते, कमी पडलेल्या जागी एम-सील भरून वाढवताही येते. आमच्या ग्रिपचा अंगठ्याखालचा भाग तर गल्लीतल्या सुताराने घासून दिला आहे. मात्र नियम ध्यानात ठेवा: ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये आणि मनगटाला टेकू मिळता कामा नये.

आता वजन. नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं. प्रत्यक्षात बहुतेक पूर्ण लांबीची पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. दुकानात पहिल्यांदा उचलल्यावर ते फुलासारखं हलकं वाटतं, तो भास आहे. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात आणि त्याआधी 15 मिनिटं तयारीची व साइटिंगची, म्हणजे गुण न धरता नेम जुळवून घ्यायची. मुलींना पूर्वी 40 शॉट असत. 2018पासून त्यांनाही 60 झाले, आणि हलकं पिस्तूल की जड हा प्रश्न तेव्हापासून जास्तच महत्त्वाचा झाला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला आखूड नळीचं घ्यावं की पूर्ण लांबीचं, यावर दोन कोच दोन मतं देतील. माझं मत विचाराल तर पूर्ण लांबीचंच घ्या, पण हलकं घ्या. साइट्समधलं अंतर जास्त असलं की चूक डोळ्याला लवकर दिसते, आणि वजनाच्या पट्ट्या पुढे ताकद आली की वाढवता येतात. ठरवण्याआधी उसनं पिस्तूल घेऊन सलग 40 शॉट तरी मारून बघायला लावा, आणि शेवटच्या दहांत पुढची साइट किती थरथरते ते मागे उभं राहून बघा.

ट्रिगरचं ओझं किमान 500 ग्रॅम भरावं लागतं. ते वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल उचलतात, वजन उचललं गेलं पाहिजे. स्पर्धा संपल्यावरही अचानक तपासणीला बोलावतात, तिथे कमी भरलं तर सगळी मेहनत बाद. त्यामुळे नेमकं 500वर न ठेवता थोडं वर ठेवलेलं बरं. ट्रिगर यांत्रिक घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक, हा खिशाचाही प्रश्न आहे आणि दुरुस्तीचाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर लोण्यासारखा सुटतो यात वाद नाही, पण त्याला बॅटरी लागते आणि तो बिघडला तर गावात कुणाला उघडता येत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मधेच बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली, 575 गुणांवर ती थांबली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. जगातल्या अव्वल नेमबाजाच्या बाबतीत हे होतं तर आपल्या जिल्हा स्पर्धेत होणारच. कमी बजेटमध्ये यांत्रिकच घ्यावा असं मला वाटतं. याच मनूने पॅरिसला 2024 मध्ये दोन कांस्यं आणली, तेवढं जाता जाता सांगतो, मुलांचा धीर सुटू नये म्हणून.

बजेटचं गणित करताना फक्त पिस्तुलाची किंमत धरू नका. वरच्या फळीतलं परदेशी पिस्तूल लाखाच्या बरंच पुढे जातं. तेवढं जमत नसेल तर त्याच घराण्यांतली साधी मॉडेल्स आहेत. स्टेयरच्या एलपी 10मध्ये धक्का शोषणारी यंत्रणा आहे, एलपी 2मध्ये ती नाही, म्हणून ते स्वस्त पडतं. हॅमर्लीचं एपी 20 तर मुद्दाम सुरुवातीच्या नेमबाजांसाठीच बनवलेलं आहे, वजनालाही हलकं. राज्य पातळीपर्यंत यातलं काहीच आडवं येत नाही. वाचलेले पैसे पेलेटकडे वळवा. आठवड्यात पाच दिवस रोज 100 शॉट म्हटले तरी 500 पेलेटची एक डबी आठवड्याला संपते, म्हणजे वर्षाला पन्नास डब्या! पिस्तुलावर सगळा पैसा ओतून नंतर पेलेट मोजून देणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांची मुलं भारी पिस्तूल घेऊन ड्राय प्रॅक्टिसच, म्हणजे पेलेट न घालता नुसता सराव, करत बसतात. (ड्राय प्रॅक्टिस वाईट नाही, उलट रोज घरी भिंतीसमोर करावीच.) पेलेट शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

जुनं घ्यायचं असेल तर सगळ्यात आधी सिलिंडरवर (गोळी ढकलणारी दाबाची हवा भरायची नळीखालची टाकी) कोरलेली तारीख वाचा. हे मी फटका खाऊन शिकलो. एका ओळखीतून पिस्तूल स्वस्तात मिळालं, नळी चकचकीत, ग्रिप बरोबर हाताची. घरी आणल्यावर सरांनी सिलिंडर उलटा करून तारीख दाखवली: दहा वर्षं उलटून गेली होती. कंपन्या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षंच देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. 200 बार दाबाची हवा हातात धरायची असते, त्यामुळे हा कागदी नियम समजू नका. नवा सिलिंडर मागवला तेव्हा स्वस्ताई तिथेच संपली. तारखेनंतर सील बघा: संध्याकाळी भरून ठेवा, सकाळी दाबाचा काटा खाली आलेला असेल तर कुठेतरी गळती आहे.

हवा भरायची सोय कशी होणार, हेही आधीच विचारून ठेवा. बालेवाडीला किंवा वरळीला सराव करणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, तालुक्याच्या रेंजवर मोठी टाकी असेलच असं नाही. हातपंप चालतो, पण घाम काढतो, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत तो पाणीही आत ढकलतो. शिवाय भरायचा ॲडाप्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. म्हणूनच दोन पिस्तुलं तुल्यबळ वाटली तर तुमच्या रेंजवर जास्त जणांकडे आहे ते घ्या. ॲडाप्टर उसना मिळतो, ऐन स्पर्धेत ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) मिळते आणि "हे असं का होतंय?" विचारायला शेजारच्या लेनवर माणूस असतो. माझ्या तक्त्यात हा रकाना नव्हताच.

कागदपत्रांचं थोडक्यात. साडेचार मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही, पण बिल जपून ठेवा आणि प्रवासात सोबत ठेवा. राष्ट्रीय रायफल संघटनेचं ओळखपत्र, क्लबचं सदस्यत्व वेळेत करून घ्या. मावळंकर स्पर्धेचं, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या पात्रता स्पर्धेचं, वय झालं की धावपळ नको. (ते मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, संघटनेचे पहिले अध्यक्ष.) पिस्तूल बसमध्ये, जिन्यावर, पाहुण्यांसमोर पेटीबाहेर काढायचं नाही. लांबून कुणालाही ते खरं पिस्तूलच वाटतं. नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी), पेटीला कुलूप, विमानात सिलिंडर रिकामा करून आणि पेटी चेक-इन सामानात, आधी सांगून.

पैसे द्यायच्या दिवशी सोबत मुलगी हवीच, शक्य असेल तर सरही. पेटीत चाचणी-कार्ड, अॅलन की, सुटे सील, ॲडाप्टर आणि दुसरा सिलिंडर आहे का ते मोजून घ्या. चाचणी-कार्डावरचा, पिस्तुलावरचा आणि बिलावरचा नंबर एकच असल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, सिलिंडरची तारीख पुन्हा एकदा बघा, आणि मगच फोन काढून पैसे पाठवा.