‘कुणाला सांगायचं नाही हं, ताई’: कर्मचाऱ्यांना बालसंरक्षण शिकवताना

मी अकरा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. आता मुलांसोबत काम करणाऱ्यांचं ट्रेनिंग घेते. रेक्टर असताना माझंही असं ट्रेनिंग झालं होतं. चार तास, ऐंशी स्लाइड्स, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. त्यानंतर दोनेक महिन्यांनी, रात्री दिवे मालवायच्या वेळी, एक तेरा वर्षांची मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. पण कुणाला सांगायचं नाही हं." मी पटकन म्हणाले, "नाही सांगणार गं, बोल."

झाली चूक. तिने जे सांगितलं ते मला दुसऱ्या दिवशी वर कळवावंच लागलं, आणि पुढे कित्येक महिने ती माझ्याशी धड बोलली नाही. त्या ऐंशीपैकी एका स्लाइडवर ‘गुप्ततेचं वचन देऊ नका’ असं ठळक अक्षरांत होतं. मी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण वहीतलं वाक्य ऐनवेळी तोंडात येत नाही, ते आधी दहा वेळा उच्चारलेलं असावं लागतं. म्हणून माझ्या ट्रेनिंगचा निम्म्याहून जास्त वेळ बोलून बघण्यात आणि लिहून बघण्यात जातो.

तारीख ठरवण्याआधी संस्थेला मी एकच प्रश्न विचारते: मुलाने काही सांगितलं तर तुमच्याकडे कळवायचं कुणाला? नाव सांगा, फोन नंबर सांगा. आणि तक्रार त्याच माणसाबद्दल असली तर दुसरं नाव कुणाचं? उत्तर आलं नाही तर ट्रेनिंग पुढे ढकला. ‘कळवा, कळवा’ असं घसा फोडून शिकवायचं आणि कळवायची जागाच नाही, हा पोरखेळ होतो.

बोलवायचं सगळ्यांना. शिक्षक, कोच, समुपदेशक तर हवेतच, पण ड्रायव्हर, वॉचमन, स्वयंपाकाच्या मावशी, आठवड्यातून एकदा येणारा स्वयंसेवकही हवा. मूल केबिनमध्ये अपॉइंटमेंट घेऊन बोलत नाही. बसमध्ये, भांडी घासायच्या जागी, फाटक उघडायची वाट बघताना, जवळ जो असेल त्याच्याशी बोलतं. वीसपेक्षा जास्त माणसं एका खेपेला घेऊ नका. आणि संस्थाप्रमुखांनी दीपप्रज्वलन करून निघून जायचं नाही. ते पूर्ण वेळ बसले तर लोक मनावर घेतात, उठून गेले तर ट्रेनिंगची किंमत तिथेच ठरते.

सुरुवातीला सांगून टाका की विषय जड आहे, कुणालाही केव्हाही बाहेर जावंसं वाटलं तर जा, कारण विचारणार नाही. खोलीत असं काही स्वतः सोसलेलं कुणीतरी असतं, हे धरूनच चालायचं. ‘तुमचे अनुभव सांगा’ हा खेळ अजिबात नको.

मग मी १९६२ची गोष्ट सांगते. त्या वर्षी हेन्री केम्प हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आईबापांकडूनच मारहाण झालेल्या लहान मुलांबद्दल लेख लिहिला. तोवर मोडलेली हाडं काय डॉक्टरांना दिसत नव्हती? एक्सरेत लख्ख दिसत होती. जॉन कॅफी नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९४६ मध्येच तान्ह्या मुलांच्या डोक्यातला रक्तस्राव आणि हातापायांची मोडलेली हाडं एकत्र आढळतात, हे नोंदवलं होतं. पण आईबाप असं करतील, हे डॉक्टरांच्या मनाला पटत नव्हतं. गोष्ट संपली की मी विचारते, "तुमच्या संस्थेत असा कोण माणूस आहे, ज्याच्याबद्दल तुमच्या मनाला पटणारच नाही?" उत्तर मोठ्याने द्यायचं नाही. खोली मात्र गप्प होते, आणि तिथून खरं काम सुरू होतं.

पहिला सराव जोड्यांनी करा. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने मोठं माणूस. मुलाच्या चिठ्ठीवर एकच वाक्य, तेही अर्धवट, कारण मुलं अर्धवटच बोलतात. एकदा एक ड्रायव्हरकाका मोठं माणूस झाले होते आणि मूल मी. मी म्हणाले, "काका, मला उद्यापासून मागच्या सीटवर नाही बसायचं." काका ताडकन म्हणाले, "का रे? कोण त्रास देतं? नाव सांग, बघतोच त्याच्याकडे!" माणूस सोन्यासारखा, पण मी मूल म्हणून तिथेच मिटले. बाकीच्यांना विचारलं, हे गप्प का झालं? एक मावशी म्हणाल्या, "काका चिडले ना. पोराला वाटलं आपल्यावरच चिडले." दुसऱ्या खेपेला काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "बरं, नको बसूस. काय झालंय ते सांगावंसं वाटलं तर मी इथंच आहे." एवढं पुरतं.

याच सरावात तीन वाक्यं प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. "सांगितलंस ते बरं केलंस." "यात तुझी चूक नाही." आणि तिसरं, माझ्या तोंडून न निघालेलं: "हे मला गुपित ठेवता येणार नाही, पण मदत करू शकतील अशांनाच सांगेन, आणि कुणाला ते तुला आधी सांगेन." तिसरं वाक्य लोकांना फार जड जातं. वाटतं, असं म्हटलं तर मूल बोलायचं थांबेल. कधी थांबतंही. पण मागाहून फसवणूक झाली असं वाटण्यापेक्षा ते परवडतं.

विचारायचं किती? फार थोडं. "मग काय झालं?", "अजून काही सांगायचंय?" बस. "सरांनी हात लावला का?" असं विचारलंत की उत्तर तुम्हीच मुलाच्या तोंडात घातलंत. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीचं प्रकरण गाजलं. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, त्यात उत्तर सुचवणारे प्रश्न इतके होते की नेमकं काय घडलं हे सांगणंच अशक्य झालं. खटला १९९० मध्ये संपला, शिक्षा एकालाही झाली नाही. तपास करणं हे त्याचं खास शिक्षण घेतलेल्या माणसांचं काम आहे. आपण ऐकायचं, लिहायचं, पोचवायचं. ‘का’ने सुरू होणारे प्रश्नही टाळा. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हे मुलाला दोष दिल्यासारखंच ऐकू येतं. जखमा बघायला कपडे सरकवू नका, फोटो काढू नका, आणि ज्याचं नाव आलं त्याला बोलावून जाब विचारू नका. त्याला सावध करून ठेवलं की पहिला दबाव मुलावरच येतो.

दुसरा सराव लिहिण्याचा. लोक कंटाळतात, पण मी सोडत नाही. जोडीतला संवाद झाला की लगेच दहा मिनिटांत नोंद लिहायला लावते. पहिल्या खेपेला हमखास असं येतं: ‘मुलगी घाबरलेली होती. तिच्यावर अत्याचार झाल्याचे दिसते.’ यात मुलगी कुठेच नाही, सगळे लिहिणाऱ्याचे अंदाज. तेच असं लिहा: ‘सायं. ६.२०, जिमच्या पायऱ्या, आम्ही दोघीच. ओढणी बोटाला गुंडाळत होती, माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "दादा पाठीवर हात फिरवतो, मला नको वाटतं." मी विचारलं, "मग काय झालं?" म्हणाली, "काही नाही," आणि उठून गेली.’ खाली तारीख, पूर्ण नाव, सही. मुलाचा शब्द तोच ठेवायचा. त्याने ‘शूची जागा’ म्हटलं तर तेच लिहा, सभ्य पुस्तकी शब्द घालू नका. आपला प्रश्नही जसाच्या तसा लिहा. आणि नोंद नेमलेल्या माणसाच्या हातात द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. (हसू नका, तिथेही आलेली मी पाहिली आहे.)

तिसरा सराव सहकाऱ्याबद्दलचा, आणि सगळ्यात जास्त वेळ याला द्या. मुलाला जाळ्यात ओढणारा माणूस आधी मोठ्यांचा विश्वास कमावतो. सगळ्यांच्या अडीअडचणीला धावतो, जादा काम अंगावर घेतो. त्यामुळे खटकलं तरी जीभ रेटत नाही. मी जमिनीवर दोरी पसरते. एका टोकाला ‘ठीक’, मध्ये ‘बोलायला हवं’, दुसऱ्या टोकाला ‘आजच कळवा’. चिठ्ठ्या वाटायच्या आणि ज्याने त्याने आपली चिठ्ठी दोरीवर ठेवायची. ‘कोच एकाच मुलाला रात्री मेसेज करतात.’ ‘एकाच मुलीला भेटवस्तू, इतरांना सांगू नको म्हणून.’ ‘रडणाऱ्या मुलाला जवळ घेतलं.’ शेवटच्या चिठ्ठीवर दरवेळी वाद होतो, होऊ द्या. मूल स्वतः जवळ आलं होतं का, दार उघडं होतं का, कुणाला दिसत होतं का, यावर ती चिठ्ठी दोरीवर इकडेतिकडे सरकते. मात्र काही गोष्टींना वादच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी २००३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम काढला की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध वर्ज्य, आणि ‘वय माहीत नव्हतं’ ही सबब चालणार नाही. तुमच्या आचारसंहितेतही वाक्य इतकंच सरळ हवं.

स्वतःबद्दल स्वतःच कळवायची सवयही इथेच लावा. ‘आज बस चुकली म्हणून मी एका मुलाला एकट्याने गाडीतून घरी सोडलं’, एवढी दोन ओळींची नोंद. चांगल्या माणसाला त्यात काही जड जात नाही. जो आढेवेढे घेतो त्याच्याशी बोलायला हवं, हे कळतं.

लक्षणांच्या लांबलचक याद्या मी वाटत नाही. अचानक बदललेलं वागणं, एखाद्या जागेची किंवा माणसाची टाळाटाळ, खेळताना लागणार नाही अशा जागी वळ. गुडघा, नडगी, कपाळ खेळताना आपटतं; कान, मान, पोट सहसा नाही. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग दिसला तर थांबायचंच नाही, लगेच कळवायचं. मात्र एकही लक्षण न दिसणारी मुलं पुष्कळ असतात, हेही सांगा.

कायद्यालाही पंधरा मिनिटं पुरतात. भारतात २०१२च्या पॉक्सो कायद्याचं १९वं कलम लैंगिक गुन्हा कळवण्याचं बंधन कुणाही व्यक्तीवर घालतं. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, बऱ्याच ठिकाणी शिक्षक, डॉक्टर अशा ठरावीक पेशांवर ते बंधन आहे. आपल्याला लागू असलेलं कलम मोठ्याने वाचून दाखवा, त्यावर भाषण नको.

तीन महिन्यांनी परत जा. वीस मिनिटंच, एक चिठ्ठी, एक नोंद. पहिल्या नोंदीशेजारी दुसरी ठेवली की काय मुरलं आणि काय उडून गेलं ते दिसतं.

आणि ट्रेनिंगच्या दिवशी सत्र संपल्यावरचा तास मोकळा ठेवा. सामान आवरत असताना कुणीतरी दाराशी रेंगाळतं, बहुतेक वेळा दिवसभर एक शब्द न बोललेलं. "मॅडम, एक विचारायचं होतं, पण तुमच्या-माझ्यातच राहू द्या हं." तेव्हा चार्जरची वायर गुंडाळणं थांबवते, खुर्ची ओढते आणि ते तिसरं वाक्य म्हणते.