लंडनच्या जाहिरातीचं काम मिळालंय? बॅग भरण्याआधी हे बघा

मुंबईतल्या दिग्दर्शकाला किंवा कॅमेरामनला लंडनच्या प्रॉडक्शन कंपनीकडून जाहिरातीचं काम आलं, की पहिली चर्चा हटकून कॅमेऱ्याचीच सुरू होते. अलेक्सा ३५ घ्यायचा की मिनी एलएफ, लेन्स ॲनामॉर्फिक हव्यात की साध्या. अहो, हे सगळं तिथे भाड्याने मिळतं, अगदी शूटच्या आठवड्यातसुद्धा. आयत्या वेळी मिळत नाही तो व्हिसा, म्हणून पहिला नंबर त्याचा. आपल्याकडची कंपनी स्वतःचा पैसा घालून तिकडच्या लोकेशनवर शूट करत असेल, तर तिच्या युनिटला व्हिजिटर व्हिसावर जाता येतं. पैसा आणि निर्मिती ब्रिटिश कंपनीची असेल, तर साधारणपणे त्या कंपनीला तुम्हाला स्पॉन्सर करावं लागतं आणि क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा काढावा लागतो. ‘दोन-चार दिवसांचं तर काम, फिरायला आलोय म्हणून सांग’ असं सांगणारा कोणी ना कोणी भेटेलच. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग स्क्रिप्ट. ब्रिटनमध्ये टीव्हीवर जाणारी जाहिरात आधी क्लिअरकास्टकडून, म्हणजे जाहिराती नियमात बसतात का ते बघणाऱ्या संस्थेकडून, तपासून घेतात. तयार फिल्म तर दाखवायची असतेच, पण शूटच्या आधी स्क्रिप्टही पाठवतात. ते एजन्सीचं काम आहे म्हणून दिग्दर्शकाने सोडून देऊ नये, कारण त्याच्या डोळ्यासमोरचे शॉट तिथेच अडकतात. गाडीची जाहिरात असेल तर धुरळा उडवत वळणावर घसरणारी गाडी विसरा. वेग आणि ताकद हे आकर्षण म्हणून दाखवायला तिथले नियम मनाई करतात. दारूच्या जाहिरातीत पिणारा किंवा महत्त्वाच्या भूमिकेतला माणूस २५च्या खालचा नको, आणि तसा दिसायलाही नको. म्हणजे हा प्रश्न कास्टिंगच्या आधी सुटायला हवा. झगमगणारे दिवे आणि स्ट्रोब डोक्यात असतील तर हेही लिहून ठेवा: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उजेड लुकलुकला, किंवा भडक लाल रंग झपझप आला, तर फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सीच्या (झगमगाटाने येणाऱ्या फिटच्या) तपासणीत फिल्म नापास होऊ शकते. एडिटमध्ये झगमगाट कमी करता येतो, पण मग शॉट मिळमिळीत दिसतो.

यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र घड्याळ. तिकडच्या जाहिरातींच्या क्रूचा दिवस १० तास काम आणि १ तास जेवण असा धरलेला असतो. पुढे ओव्हरटाइम सुरू होतो आणि दोन दिवसांच्या मध्ये ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. गोरेगावच्या सेटवर ‘बस, एक शेवटचा’ म्हणत रात्री दोनपर्यंत ओढता येतं. तिथे त्या एका शेवटच्याची किंमत निर्मात्याला लगेच आकड्यात सांगावी लागते आणि दुसऱ्या दिवशी क्रूला बोलवायची वेळही पुढे ढकलावी लागते. त्यात उजेडाचा हिशेब घाला. डिसेंबरच्या मध्याला लंडनमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. आठ तासही मिळत नाहीत, पण सूर्य दिवसभर इतका खाली असतो की ढग नसतील तर दुपारीसुद्धा संध्याकाळसारखा तिरपा उजेड मिळतो. जूनमध्ये सगळं उलटं: पहाटे पावणेपाचला उजाडतं, रात्री नऊनंतर अंधारतं, आणि रात्रीचा सीन असेल तर क्रूला भलत्या वेळी बोलवावं लागतं. पावसाळी दिवसाचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हे प्री-प्रॉडक्शन मीटिंगमध्ये लेखी ठरवून घ्या.

या हिशेबात बसवायचं तर शॉट कमी करावे लागतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की ब्रिटिश जाहिराती ज्यासाठी नावाजल्या जातात तो सिनेमासारखा दिमाख त्यातूनही येतो. १९७३ साली रिडली स्कॉट यांनी हॉव्हिस पावाची जाहिरात डॉर्सेटमधल्या शाफ्ट्सबरीच्या गोल्ड हिलवर केली. दगडी फरसबंदीचा चढ, सायकल ढकलणारा पोरगा आणि मागे चेक संगीतकार ड्वोझाकचं संगीत, एवढंच. त्यामुळे शॉटची यादी करताना प्रत्येकापुढे ‘हा नसला तर काय बिघडेल?’ असं लिहा. ज्याला उत्तर सापडत नाही तो आत्ताच कापा. सेटवर, क्लायंटच्या देखत कापायची वेळ आली तर नेमका चांगला शॉट जातो.

लहान मूल असेल तर वेगळं पान करा. इंग्लंडमध्ये मूल ज्या भागात राहतं तिथल्या कौन्सिलकडून परवाना लागतो, आणि अर्ज साधारण २१ दिवस आधी द्यावा लागतो. पाच वर्षांखालचं मूल सेटवर जास्तीत जास्त ५ तास, त्यात काम २ तास, आणि सलग फक्त अर्धा तास. आई-बाप सोबत नसतील तर परवानाधारक शॅपरोन, म्हणजे मुलाची देखरेख करणारा माणूस, हवा. कामाचे तास इतके मोजके, म्हणून बाळाच्या भूमिकेसाठी जुळी शोधतात. कलाकारांच्या करारात दिवसाची फी वेगळी आणि वापराची फी वेगळी असते. कुठला देश, कुठलं माध्यम, किती काळ, हे आधी ठरलं नाही तर पुढे क्लायंटला भारतातही जाहिरात चालवाविशी वाटते आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

रस्त्यावर शूट असेल तर बरोची (लंडनच्या त्या भागाच्या कौन्सिलची) परवानगी, ट्रॅफल्गार स्क्वेअरसाठी वेगळी, रॉयल पार्क्सची आणखी वेगळी. विम्याचे कागद प्रत्येकजण मागतो. धूर सोडणार असाल तर इमारतीचा फायर अलार्म कोण बंद करणार, त्या माणसाचं नाव कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर, हवं.

जाहिरातीऐवजी म्युझिक व्हिडिओचं काम असेल, तर गाण्याच्या फायली ही खरी तयारी. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करतात आणि गाणं सेटवर दुप्पट वेगाने वाजवतात. २५ वर पाहिलं की शरीर संथ हलतं आणि ओठ मूळ गाण्यावर बसतात. म्हणून दुप्पट वेगाची फाईल, टाइमकोडसकट (चित्र आणि आवाज जुळवायच्या वेळेच्या खुणांसकट), गायकाला आठवडाभर आधी पाठवा. त्या वेगाने शब्द तोंडात बसायला वेळ लागतो, रॅपरची तर दमछाक होते. ३७.५ फ्रेम्स घेतले तर दीडपट वेग पुरतो आणि चेहऱ्यावर ताणही कमी दिसतो.

विजेची भानगड नाही, तिकडेही ५० हर्ट्झच. फक्त फ्यूजवाली चौकोनी तीन पिन लागते. स्पॉट दादा हाताशी नसतो. रनर, म्हणजे पळापळ करणारे मदतनीस, असतात, पण पाण्याची बाटली, रेनकोट आणि चिखलात चालतील असे बूट ज्याचे त्याने आणायचे.

स्वतःचं सामान नेणार असाल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं ड्युटी न भरता परदेशी नेण्याचा कस्टम्सचा कागद, काढा आणि प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर यादीत घाला, अगदी लेन्सपुढे लावायच्या मॅट बॉक्सचासुद्धा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० च्या मध्ये विमान कंपनीची परवानगी आणि दोनच, त्यापुढे नाही. कार्नेटवर शिक्के चार: भारतातून निघताना, ब्रिटनमध्ये उतरताना, ब्रिटनमधून निघताना आणि परत आल्यावर. तिसरा शिक्का सगळ्यात जास्त चुकतो, कारण शूट संपल्यावर सगळे दमलेले असतात आणि सामान घेऊन कस्टम्सचं टेबल शोधायचा कंटाळा येतो. तो नसेल तर सामान तिकडेच राहिलं असं धरून ड्युटीची मागणी येऊ शकते. म्हणून विमानतळावर तीन तास जास्तीचे ठेवा.