स्फोटक ताकदीसाठी वजनाचे व्यायाम कसे निवडावेत

पुण्यात संध्याकाळी मैदानावर सराव करून रात्री जिममध्ये जाणाऱ्या कबड्डी आणि खो-खोच्या खेळाडूंचा आठवडा बहुधा छाती, दंड, खांदे असा अवयवांत वाटलेला दिसतो. शरीरसौष्ठवासाठी ही वाटणी ठीक आहे. परंतु चढाईत पकड तोडून मध्यरेषेकडे झेपावणारा किंवा खांबावर सूर मारून गडी बाद करणारा खेळाडू एकेक स्नायू सुटा वापरत नाही, आणि म्हणून व्यायाम निवडताना कोणता स्नायू भरेल यापेक्षा शरीर कोणती हालचाल करत आहे, हे आधी पाहावे.

अशा मुख्य हालचाली मोजक्याच आहेत: बसून उठणे, खुब्यातून वाकून वजन उचलणे, ढकलणे, ओढणे आणि एका पायावर तोल सांभाळणे. पेठांमधल्या जुन्या तालमींच्या व्यायामात यांतल्या बहुतेक आपोआप येत असत, कारण जोर आणि बैठकांबरोबर दोरी चढणे आणि फावड्याने आखाडा खणणे हाही मेहनतीचाच भाग होता. जिममध्ये आल्यावर जोरांची जागा बेंच प्रेसने (बाकावर उताणे पडून वजन वर ढकलणे) घेतली, पण दोरी आणि फावडे यांची जागा बऱ्याच वेळा रिकामीच राहिली. ती प्रथम भरावी. ओढण्यासाठी पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर खेचणे) आणि बारबेल रो (वाकून वजनाचा दांडा पोटाकडे ओढणे), तर खणण्याच्या जागी डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा दांडा उचलून सरळ उभे राहणे) किंवा रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे थोडेच वाकवून, खुब्यातून वाकत तोच दांडा खाली-वर करणे) घ्यावी. धावण्याची आणि उडीची ताकद मोठ्या प्रमाणात नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंतून येते, त्यामुळे एकच व्यायाम वाढवण्याइतका वेळ असेल, तर माझी निवड याच घराण्यातली असेल. मांडीमागचा स्नायू वारंवार दुखावणाऱ्या खेळाडूंनी नॉर्डिक कर्लही (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवलेले असताना अंग हळूहळू पुढे झुकवणे) जोडावे, कारण त्याने ही दुखापत कमी होते, हे अभ्यासांतून चांगले सिद्ध झाले आहे.

ढकलण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. बेंच प्रेस किंवा उभ्याने डोक्यावर वजन ढकलणे यांपैकी एक पुरे, मात्र ओढण्याचे काम त्याहून कमी असू नये.

आता स्फोटकतेकडे, म्हणजे कमीत कमी वेळात जास्तीत जास्त बळ लावण्याकडे, वळू. शक्ती म्हणजे बळ गुणिले वेग. पूर्ण वेगाने धावताना पाऊल जमिनीला साधारण एक दशांश सेकंद टेकते, आणि स्नायूंना आपले संपूर्ण बळ उभे करायला त्याच्या तिप्पट किंवा अधिक वेळ लागतो; त्यामुळे केवळ जड स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) करणारा खेळाडू बलवान असूनही संथ राहू शकतो. उलट, ज्याच्या पायांत मुळात बळच नाही, त्याने नुसत्या उड्या मारून फारसे साधत नाही. नवोदिताने निदान दोन-तीन महिने स्क्वॉट आणि डेडलिफ्टची शुद्ध पद्धत बसवावी आणि मग वेगाचे व्यायाम वाढवावेत.

या कामासाठी पॉवर क्लीन (जमिनीवरचा वजनाचा दांडा एका झटक्यात खांद्यांपर्यंत उचलणे) हा उत्तम व्यायाम आहे, परंतु तो शिकायला महिने आणि जाणकार प्रशिक्षक लागतो, शिवाय रबरी प्लेट आणि वजन सोडता येईल अशी जमीन लागते. इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या जिममध्ये ही सोय क्वचितच असते. तेथे वाकड्या पाठीने क्लीन करण्यापेक्षा केटलबेल स्विंग (मुठीचे वजन खुब्याच्या झटक्याने पुढे झुलवणे), हलक्या वजनाची जंप स्क्वॉट (बैठकीतून उडी) आणि मेडिसिन बॉल (वजनदार चेंडू) फेकणे यांतून दोन निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तळजाई टेकडीच्या चढावर पंधरा-वीस मीटरच्या वेगवान धावा, प्रत्येक धावेनंतर पूर्ण विश्रांती घेऊन, केल्या तरी उपयोग होतो. पर्वतीच्या पायऱ्या सलग चढत राहिल्याने मात्र दम वाढतो, स्फोटकता फारशी नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. अंग गरम केल्यावर स्फोटक व्यायाम सर्वांत आधी करावा: तीन-तीन वेळांचे चार ते पाच सेट (सलग केलेल्या फेऱ्या), मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती, आणि हालचाल मंदावताच सेट थांबवावा, कारण थकलेले शरीर येथे संथपणाच शिकते. त्यानंतर स्क्वॉट किंवा डेडलिफ्टचे तीन ते पाच सेट, प्रत्येकी तीन ते सहा वेळा, पुढे ओढणे व ढकलणे, आणि शेवटी स्प्लिट स्क्वॉटसारखा (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) एका पायाचा व्यायाम करावा. चढाईपटू बहुधा एकाच पायावर झेप घेतो, तेव्हा दुबळ्या पायापासून सुरुवात करावी आणि सरस पायाने तेवढ्याच वेळा करून थांबावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. स्पर्धांच्या काळात वजन तेच ठेवून सेट कमी करावेत.

निवड बरोबर ठरली का, हे दर महिन्याला धाव न घेता उभ्या जागेवरून मारलेली लांब उडी मोजून पाहावे. स्क्वॉटचे वजन वाढत असून उडी तेथेच असेल, तर जड सेट कमी करून वेगाचे व्यायाम वाढवावेत. दोन्ही थांबली असतील, तर आधी झोप, आहार आणि मैदानावरचा सराव किती होतो आहे, हे तपासावे.