डेटा वेअरहाउसिंगची मोफत ऑनलाइन सेशन्स: आदल्या दिवशी काय तयार ठेवायचं

डेटा वेअरहाउसिंगचं, म्हणजे विश्लेषणासाठी ठिकठिकाणचा डेटा एका जागी साठवण्याचं, मोफत सेशन शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल, स्नोफ्लेक, गूगल सगळेच ती घेतात. वेळ वाया जातो तो चुकीच्या सेशनला बसण्यात, किंवा योग्य सेशनला बसूनही लॅब सुरू न झाल्यामुळे नुसतं बघत राहण्यात. दोन्ही टाळता येतं, पण त्यासाठीचं काम सेशनच्या आधी करावं लागतं.

आधी सेशनचं वर्णन नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी शेजारी लेव्हल १००, २००, ३०० किंवा ४०० लिहिलेली असते. १०० म्हणजे ओळख, ४०० म्हणजे आतली यंत्रणा. तीन-चार वर्षं ईटीएल (डेटा काढून, बदलून वेअरहाउसमध्ये भरण्याचं काम) करणाऱ्याने १०० च्या सेशनला बसणं म्हणजे रविवारची सकाळ फुकट. लेव्हल दिलेली नसेल तर वक्त्याचं पद पाहा. इंजिनीअर, आर्किटेक्ट किंवा प्रॉडक्ट मॅनेजर असेल तर काहीतरी हाती लागतं. विक्री विभागातला माणूस असेल तर बहुतेक वेळ स्लाइडवरच्या गिऱ्हाइकांच्या लोगोंतच जातो. वर्णनात एकही ठोस गोष्ट नसेल, म्हणजे पार्टिशनिंग, क्लस्टरिंग, मर्ज, क्वेरी प्लॅन यांपैकी काहीच नाही आणि नुसतं ‘परिवर्तन’ असेल, तर सरळ सोडून द्या.

थेट हजर राहण्याचा फायदा दोनच प्रकारांत आहे: हाताने करायची लॅब आणि प्रश्नोत्तरं. निव्वळ व्याख्यान असेल तर रेकॉर्डिंग दीडपट वेगाने पाहणं बरं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अँडी पाव्हलो यांच्या डेटाबेस अभ्यासक्रमाची व्याख्यानं यूट्यूबवर मोफत आहेत. इंडेक्स, जॉइन अल्गोरिदम, क्वेरी ऑप्टिमायझर यांचा पाया पक्का करायचा असेल तर तीच पाहा, त्यासाठी कुठल्या वेबिनारची वाट पाहू नका.

वेळेचा घोळ

आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र ते वर्षातून दोनदा हलतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, तर ब्रिटनमध्ये मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे न्यूयॉर्कच्या सकाळी ११ चं सेशन उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ८:३० ला असतं आणि हिवाळ्यात ९:३० ला. सिएटलचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात रात्रीचे १०:३०, हिवाळ्यात ११:३०. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिकेचं घड्याळ हललेलं असतं आणि ब्रिटनचं नाही. तेव्हा पाठ असलेला हिशोब हमखास चुकतो. पानावर लिहिलेली वेळ स्वतः बदलून काढण्यापेक्षा नोंदणीच्या मेलमधली कॅलेंडर फाइल उघडून जोडा. ती जोडताना आपल्या कॅलेंडरचा टाइमझोन कोलकाता आहे ना, एवढं पाहा.

मोठ्या कंपन्या तेच सेशन आशिया-पॅसिफिकसाठी वेगळं घेतात. सिंगापूरचे सकाळचे १० म्हणजे आपले ७:३०. रात्री साडेअकराला डोळे चोळत लॅब करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

नोंदणी करताना नेहमीचाच एक ई-मेल पत्ता द्या. जोडणीची लिंक बहुधा तुमच्या नावाची असते, म्हणून ती मित्राला पाठवू नका. हजेरीचं प्रमाणपत्र किंवा परीक्षेची सवलत हवी असेल तर ‘पाहुणा’ म्हणून आत शिरू नका. नोंदवलेल्या पत्त्यानेच जा, नाहीतर हजेरी लागत नाही. फोन नंबर सक्तीचा नसेल तर देऊ नका, जाहिरातींच्या संमतीची खूण काढा. विक्रीचे फोन तरीही येऊ शकतात. मोफतची तेवढी किंमत आहे.

लॅब: सगळं अडतं ते इथेच

स्नोफ्लेकचं ट्रायल खातं ३० दिवसांचं असतं आणि त्यात ४०० डॉलरचं क्रेडिट मिळतं. दिवस खातं उघडल्यापासून मोजले जातात, त्यामुळे नोंदणी झाली म्हणून महिनाभर आधी खातं उघडू नका, आदल्या दिवशी उघडा. रीजन (खातं जिथल्या डेटा सेंटरमध्ये राहील तो भाग) निवडताना मुंबई किंवा पुणे दिसलं की मोह होतो, पण लॅबच्या सूचनांत दिलेला रीजनच घ्या. सूचना अमेरिकेतल्या रीजनसाठी लिहिलेल्या असल्या तर त्यातला स्टोरेजचा किंवा मार्केटप्लेसचा टप्पा दुसरीकडे अडू शकतो. वेअरहाउस (स्नोफ्लेकमध्ये क्वेरी चालवणारी यंत्रणा) एक्स-स्मॉल ठेवा आणि ऑटो-सस्पेंड (काम नसताना आपोआप थांबणं) ६० सेकंदांवर आणा. वेअरहाउस दर वेळी जागं झालं की किमान ६० सेकंदांचे पैसे लागतातच.

गूगलच्या बिगक्वेरीच्या सँडबॉक्सला (मोफत सरावाच्या जागेला) कार्ड लागत नाही. महिन्याला १० जीबी साठवण आणि १ टीबी क्वेरी मोफत. पण त्यात डेटा बदलणारी स्टेटमेंट्स चालत नाहीत. म्हणजे टाइप-२ डायमेन्शनचं (जुनी नोंद जपून बदललेली नवी नोंद जोडणाऱ्या टेबलाचं) सेशन असेल तर मर्ज, म्हणजे जुन्या-नव्या ओळी जुळवून बदलणारं स्टेटमेंट, लिहिलं की एररच येणार. अशा सेशनसाठी बिलिंग जोडलेलं खातं किंवा दुसरा डेटाबेस लागतो. दुसरा नेहमीचा अडथळा लोकेशनचा आहे. सार्वजनिक डेटासेट बहुतेक ‘यूएस’मध्ये असतात. तुम्ही आपला डेटासेट मुंबईत बनवला तर त्या दोघांचं जॉइन होत नाही आणि डेटासेट सापडत नाही असा एरर येतो. तो वाचून लोक नावातलं स्पेलिंग तपासत बसतात. आणखी एक लक्षात ठेवा: लिमिट लावल्याने साध्या टेबलावर स्कॅन होणारा डेटा कमी होत नाही. नुसत्या ओळी बघायच्या असतील तर प्रिव्ह्यू टॅब वापरा, तो फुकट आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन मोफत आहे, फक्त प्रॉडक्शनमध्ये वापरायची नाही. सरावासाठी ॲडव्हेंचरवर्क्स-डीडब्ल्यू या नमुना डेटाबेसचा बॅकअप घेतात. तो डाउनलोड्स फोल्डरमधून रिस्टोर करायला गेलात की ‘ॲक्सेस डिनाइड’, एरर ५. फाइल उघडते एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस, आणि तिच्या खात्याला तुमचं फोल्डर वाचायची परवानगी नसते. फाइल इन्स्टन्सच्या बॅकअप फोल्डरमध्ये हलवा. शिवाय नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर रिस्टोर होत नाही: २०२२ चा २०१९ वर नाही, उलटा चालतो.

कंपनीचा लॅपटॉप वापरत असाल तर घरूनही व्हीपीएनमुळे पोर्ट १४३३ (एसक्यूएल सर्व्हरचा) किंवा ५४३२ (पोस्टग्रेस डेटाबेसचा) बंद असू शकतो. स्नोफ्लेक आणि बिगक्वेरी ४४३ वर चालतात, तिथे त्रास कमी. तरीही आदल्या दिवशी त्याच मशीनवरून, त्याच नेटवर्कवरून एक साधी सिलेक्ट चालवून पाहा. काहीच जमत नसेल तर डकडीबी हा आपल्याच मशीनवर चालणारा डेटाबेस घ्या. त्याच्या टीपीसी-एच (डेटाबेसची ठरलेली चाचणी) एक्स्टेन्शनने स्केल फॅक्टर (डेटा किती मोठा हे सांगणारा आकडा) १ चा डेटा आपल्याच मशीनवर तयार होतो, आणि लाइनआयटम टेबलात सुमारे ६० लाख ओळी मिळतात. सरावाला तेवढ्या पुरतात.

सेशन चालू असताना

एका स्क्रीनवर बोलणारा आणि दुसऱ्यावर लॅब. दुसरा स्क्रीन नसेल तर सेशन फोनवर लावा. नेट अडखळत असेल तर आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा.

प्रश्न ‘क्यू अँड ए’च्या खिडकीत टाका, चॅटमध्ये नाही. चॅट नमस्कारांत वाहून जातं. आणि शेवटच्या पाच मिनिटांची वाट पाहू नका, तोवर रांग भरलेली असते. ‘क्वेरी स्लो आहे, काय करू?’ याला उत्तर मिळत नाही. असं लिहा: “फॅक्ट टेबल २० कोटी ओळींचं, तारखेवर पार्टिशन, क्वेरीत तारखेवर फंक्शन लावलं आहे, प्लॅनमध्ये सगळी पार्टिशन्स स्कॅन होत आहेत. फंक्शन काढल्याशिवाय प्रूनिंग (नको असलेली पार्टिशन्स वगळणं) होईल का?” डेटाबेसची आवृत्तीही लिहा. कंपनीतली टेबलांची नावं किंवा ग्राहकांचा डेटा मात्र अजिबात चिकटवू नका, कारण प्रश्न सगळ्यांना दिसू शकतो आणि सेशन रेकॉर्ड होत असतं.

लॅबमध्ये मागे पडलात तर धावत सुटू नका. कुठल्या पायरीवर अडलात, त्यावेळी रेकॉर्डिंगमध्ये किती मिनिटं झाली होती आणि एररचा पूर्ण मजकूर काय होता, तेवढं टिपून पुढे ऐका. स्लाइड्सचे स्क्रीनशॉट काढत बसू नका, त्या नंतर बहुधा मिळतात. वक्ता तोंडी जे सांगतो, म्हणजे ‘हे सेटिंग आम्ही प्रत्यक्षात बंदच ठेवतो’ अशासारखं, ते कुठल्याच स्लाइडवर नसतं.

रेकॉर्डिंगची लिंक आली की अडलेली पायरी ट्रायल जिवंत असेपर्यंत पुरी करा. मग तेच स्केल फॅक्टर १० वर करून पाहा. छोट्या डेटावर सगळंच वेगवान वाटतं, चुकीचं जॉइन दहापट डेटावर लगेच उघडं पडतं. शेवटी स्क्रिप्ट्स उतरवून घ्या आणि वेअरहाउस बंद करा. कार्ड जोडलं असेल तर बिलिंगचं पान उघडून काही चालू राहिलं नाही ना, ते बघा.